अण्णाची गाडी गरम होत नव्हती

आमच्या घरात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. डबा विसरला असेल, चष्मा राहिला असेल, तर धावत जायचं, त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि हातात द्यायचा. पण पाठीमागून हाक नाही. कुंभकोणमला येऊन आमच्या कितीतरी पिढ्या झाल्या. बाहेर तमिळ, घरात जुनाट मराठी, असं आमचं चाललंय. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून एकमेकांकडे बघून हसतात, हसोत बापडे. अर्धीअधिक रीतभात आम्ही कावेरीत सोडून दिली, पण ही एक सुटली नाही. मी पॉलिटेक्निकात जन्मभर इंजिनं शिकवली, राहू-केतू मानत नाही, तरी हे मात्र मीसुद्धा पाळते. आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, गाडीत बसून इंजिन चालू करायचा तेव्हा तो निघाला, असंच आम्ही धरायचो.

अण्णाचा धंदा भांडी भाड्याने द्यायचा. लग्न, मुंज, डोहाळजेवण, काही असो, दोनशे पानांचा भात शिजेल असली पितळी पातेली, हंडे, झारे, पराती आमच्या मागच्या कोठीत रचलेल्या असत. ती पोचवायला एक जुनी डिझेलची पिकअप. तिला सगळे म्हातारी म्हणत. रोज पहाटे अण्णा परसात जाऊन तिच्यात बसे आणि ती सुरू करी. पांढरा धूर, खडखड, सगळं अंग हलतंय अशी. गरम झाल्याशिवाय ओझं ओढायची नाही. मग गरम होईपर्यंत अण्णा आत बसून. चांगला अर्धा तास, कधी त्याहून जास्त. वैनी आत कॉफीचं डिकॉक्शन काढायची, मी पेपर वाचून सरकारला शिव्या घालायची, आई होती तोवर, तिच्या आजारपणात तिचं सगळं करायची वेळही तीच. परसातून आवाज येत असायचा आणि कोठीत रचलेल्या पातेल्यांची झाकणं त्या आवाजाने थरथरत असायची. सकाळ झाली हे आम्हांला त्यावरूनच कळायचं.

मागच्या मार्गळीत, म्हणजे थंडीच्या तमिळ महिन्यात, एक दिवस भांडी तिरुक्करुगावूरला जायची होती, डोहाळजेवणाला. देवळातला भोंगा गात होता, गाडी चालू होती. माझा पेपर वाचून संपला. मग फोन वाजला. तिकडचा आचारी होता. "भांडी कुठे? तुमच्या अण्णांचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही."

मी म्हटलं, "निघालाय तो. वाटेत असेल."

म्हटलं आणि फोन ठेवला, आणि तसाच माझा हात फोनवर राहिला. कारण इंजिन परसात चालू होतं, मला ऐकू येत होतं.

मी गेले. गेले ती सवयीने वळसा घालून, त्याच्यासमोर. हाक मारली नाही. गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. अण्णा सरळ बसला होता, एक हात गिअरवर, डोळे उघडे, आणि तो माझ्याकडेच बघतोय असं मला वाटलं. मी हातानं खूण केली, फोन, फोन म्हणून. नंतर कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय, एका क्षणात झालं असणार, त्यांना काही कळलंही नसेल. डॉक्टरांचं ते वाक्य पाठ असतं, प्रत्येक घरी तेच सांगतात. वैनीने ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि तेराव्यापर्यंत एक अवाक्षर काढलं नाही. रडलीसुद्धा नाही. चौदाव्याला मी वेणी घालत होते तेव्हा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, गाडीला रोज तेवढा वेळ लागायचाच, नाही का?"

ही वैनी आमच्या घरात आली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते, आणि ती तेव्हापासून मला "वन्सं, तुम्ही" म्हणते. मी तिला अगंतुगं करते.

"लागायचाच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "त्या दिवशी नेहमीइतकाच वेळ चालू होती, का जास्त?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती काय विचारते आहे हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. आवाज येत होता म्हणून ती आत स्वस्थ होती. गाडीला तेवढा वेळ लागतच असेल, तर तिचं स्वस्थ राहणं बरोबर. नसेल, तर ती उठून का नाही गेली? एवढ्या एका प्रश्नावर ती दिवस काढत होती. जेवण सुटलं, झोप सुटली. हातातल्या बांगड्या काढल्यावर मनगटं किती बारीक आहेत ते पहिल्यांदा दिसलं मला.

आणि तो आवाज. आता हे सांगायला मला लाज वाटते, पण आडपडदा ठेवून काय करू? गाडी परसात गप्प उभी होती, बॅटरीची तार मी माझ्या हाताने काढली होती. तरी पहाटे, त्याच वेळेला, मला जाग यायची ती इंजिनाच्या आवाजाने. डोळे उघडले की नाही. पुन्हा मिटले की धडधड, धडधड, लांबून. मी म्हटलं, डोक्यातलं आहे, इतक्या वर्षांची सवय आहे, कान वेड्यासारखा भरून काढतो. एका पहाटे उठून कोठीत गेले. सगळ्यांत वरच्या पातेल्याचं झाकण थरथरत होतं. बारीक, ऐकू येईल न येईल असं. मी त्याच्यावर तळवा ठेवला तसं थांबलं. मागे वळले तर दारात वैनी उभी. "तुम्हांलाही ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "उंदीर असेल." उंदीर कसला!

तेव्हा मी ठरवलं, ही गाडी घरातून जाऊ दे. तिरुविसनल्लूरचा एक केळीवाला घ्यायला तयार होता. पहाटे त्याला माल काढावा लागतो, म्हणून पहाटेच बघायला आला. तार जोडली, चालू केली, तो पंधरा मिनिटं तापमानाच्या काट्याकडे बघत बसला. काटा गारच्या रेघेवरून हलला नाही. "अम्मा, हिला गरम व्हायला दुपार होईल, तोवर माझी केळी पिकतील," म्हणून हसत निघून गेला. मी रागाने लाल. पण तो गेल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. गाडीत खरोखर दोष असला, आणि तो मी शोधून काढला, तर वैनीला पुरावा मिळेल. हे बघ, या या कारणाने हिला अर्धा तास लागायचाच, तुझ्या जागी कुणीही असतं तरी वाटच बघितली असती. डॉक्टरांवर तिचा विश्वास नाही. माझ्यावर होता, निदान इंजिनाच्या बाबतीत.

अण्णाच्या नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. म्हातारा, हट्टी, तोंडात सदा पान. मला टीचर म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही. तो म्हणाला, हीटर प्लग गेले. डिझेल इंजिन गार असताना पेटवायला आत बारीक कांड्या तापवाव्या लागतात, त्या. मी म्हटलं, त्याने सुरू व्हायला त्रास होईल, गरम व्हायला का होईल? तो म्हणाला, टीचर, पुस्तक वेगळं. कर्म माझं! प्लग काढून बॅटरीला लावले. एक लाल झालाच नाही, काळाच राहिला. तो बदलला. दुसऱ्या दिवशी गाडी झटक्यात सुरू झाली, धूरही कमी. काटा मात्र तिथेच.

मग तो म्हणाला, काटाच खोटा. काट्याचा सेन्सर बदलला. तरी तेच. "उंटावरचे शहाणे," मी म्हटलं, मराठीत, त्याला कळू नये म्हणून.

यात एक अडचण अशी, की गार इंजिनाची परीक्षा दिवसातून एकदाच घेता येते. रात्रभर उभी राहिली की सकाळी ती पुरती गार. म्हणून रोज पहाटे मला अण्णाच्या जागेवर बसावं लागायचं. सीटवर त्याच्या बसण्याचा खळगा होता. माझ्या मापाचा नव्हता तो, मी त्यात कलंडायची. इंजिन सुरू झालं की आत घरात कोठीतली झाकणं थरथरायची, आता खरीखुरी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वैनीची सावली येऊन उभी राहायची. बाहेर कधी आली नाही. मी तिला हात करायची नाही, ती मला हाक मारायची नाही. समोरच्या काचेत माझा चेहरा अंधूक दिसायचा आणि त्याच्यामागे जागा रिकामी आहे हे माहीत असून मी मागे वळून बघायची. एकदा गिअरवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

शेवटी एका सकाळी मी पुस्तकातलं शिकवते तेच केलं. इंजिन चालू केल्याबरोबर बॉनेट उघडून रेडिएटरला जाणारा वरचा पाइप हाताने धरला. इंजिन गार असताना तो पाइप गारच राहायला हवा. पाणी इंजिनातच कोंडून ठेवायला वाटेत एक झडप असते, थर्मोस्टॅट. पाणी पुरतं तापल्यावरच ती उघडते आणि ते थंड व्हायला रेडिएटरकडे सोडते. पण पाइप लगेच कोमट झाला. सगळीकडे सारखा कोमट, ना गार ना गरम. त्या सकाळी अण्णाचा हात धरला तेव्हा तो असाच लागला होता. मी पाइप सोडला आणि पदराला हात पुसत उभी राहिले.

म्हणजे झडप उघडी अडकली असणार. खात्री करायला मी साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा रेडिएटरपुढे लावला, वारा अडवला. काटा चढायला लागला! हळूहळू, पण चढला. मी परसात एकटीच "सापडलं, सापडलं" म्हणून ओरडले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसलाच प्रकार, पण मला इतका आनंद झाला की विचारू नका. धावत स्वयंपाकघरात गेले. वैनीला सगळं सांगितलं, हातवारे करून, वर्गात सांगते तसं. "पाणी तापायच्या आधीच थंड व्हायला पळायचं. अर्धा तास काय, तासभर बसला असता तरी गरम झाली नसती. कळलं का तुला? तेवढा वेळ लागायचाच!"

वैनी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, वन्सं," आणि डोसा उलटला. मला वाटलं, सुटली बिचारी.

मेकॅनिक आला, त्याने नटबोल्ट काढून झडपेचं घर उघडलं. आत झडप नव्हतीच. अडकलेली नाही, तुटलेली नाही. नव्हतीच. नुसतं स्वच्छ भोक.

मी त्याच्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघायला लागला. पान थुंकून आला.

"कुणी काढली?"

"मीच," तो म्हणाला. "खूप वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात एकदा भरलेली गाडी तापून बंद पडली होती. आपल्याकडे सगळेच काढतात, टीचर. या उन्हात झडप हवी कशाला?"

माझं डोकं सटकलं. तोंडाला येईल ते बोलले. आम्ही मुलांना वर्गात घसा फोडून सांगतो की गरम प्रदेशातही ती लागते, नाहीतर इंजिन गारच झिजतं, आणि हे लोक गावोगाव झडपा काढून भंगारात घालतात. त्याने मला पुरतं बोलू दिलं. मग सावकाश म्हणाला, "त्याच पावसाळ्यात मी नवी घेऊन आलो होतो. अण्णांना म्हटलं, बसवतो, पाच-सात मिनिटांत गरम होईल गाडी. अण्णा म्हणाले, नको."

"नको?"

"म्हणाले, घरात चहूबाजूंनी कुणी ना कुणी अण्णा अण्णा करत असतं. गिऱ्हाईक, आचारी, आई, बहीण. गाडी गरम करताना मला कुणी हाक मारत नाही. तेवढा वेळ राहू दे. नंतर मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हसले."

मी बॉनेटला धरून उभी राहिले. बहीण म्हणजे मी. लग्न केलं नाही, त्याच्या घरात राहिले, आणि माझं तोंड कसं आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या बडबडीतून सुटायला माझा भाऊ धुराने भरलेल्या खडखडत्या डब्यात जाऊन बसायचा? इतका राग आला त्याचा, आणि तो राग कुणावर काढणार? त्याच्या खळग्यावर? मेलास, आता तरी नीट सांग, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

पण खरी भीती वैनीची. तिला हे कळलं तर? नवरा रोज सकाळी तिच्यापासून पळून परसात बसायचा, आणि त्यातच गेला. मी मेकॅनिकला बजावलं, या घरात यातलं एक अक्षर बोललास तर याद राख. तो म्हणाला, मी कशाला बोलू, इतकी वर्षं बोललो का?

नवी झडप बसवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी चालू केली. खडखड झाली, मग आवाज मऊ होत गेला, आणि बघता बघता काटा उठला आणि मधोमध जाऊन थांबला. कॉफी निवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मी काट्याकडे बघत होते, मान वर केली तर वैनी गाडीच्या पुढ्यात उभी होती. परसात ती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आली होती. 

ती माझ्या खिडकीशी आली. "झाली गरम?"

"हो."

"इतक्यात?"

"नवीन झडप ना. आधीची खराब झाली होती." मी खोटं बोलायला लागले की जास्त बोलते. "आतून सडली होती अगदी. अण्णाला पत्ताच नव्हता, मेकॅनिकलाही नव्हता, कुणालाच..."

"वन्सं," वैनी म्हणाली, "मला ठाऊक होतं."

मी पुन्हा काट्याकडे बघायला लागले.

"झडप-बिडप नाही ठाऊक. पण समोरच्या घरी अशीच गाडी आहे. ती चालू होते आणि जाते. मी एकदा जेवताना विचारलं यांना, आपलीलाच का वेळ? यांनी पानाकडे बघितलं, म्हणाले, जुनी आहे. मला कळलं. जन्मभर माणसांत राहिलेला माणूस. गाडीतून उतरून यायचे तेव्हा तोंड कसं निवळलेलं असायचं. मग मी पुन्हा नाही विचारलं. आईंनी हाक मारली तरी मी सांगायची, ते निघालेत, हाक मारू नका."

इंजिन एका लयीत चाललं होतं. ती खिडकीच्या काठाला धरून उभी होती.

"त्या दिवशी जास्त वेळ झालेला मला कळला होता. चांगला कळला होता. मी मनात म्हटलं, आज त्यांना जरा जास्त बसायचं असेल. बसू देत. आणि मी गॅस बारीक केला."

"वैनी, अगं..."

"गप्प बसा. गाडीला वेळ लागायचा, डॉक्टर म्हणाले क्षणात झालं, वैनी तू काय करणार. सगळे तेच. तुम्हीसुद्धा. मी रोज तुम्हांला विचारते, एक दिवस तरी तुम्ही चिडाल म्हणून. या घरात तुमच्याइतकं रागावता कुणाला येतं? धोब्याला बोलता, सरकारला बोलता. मलाच का नाही बोलत?"

मी तोंड उघडलं. नाही गं, तुझं काही चुकलं नाही, असं म्हणायला उघडलं होतं. आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"जायचंस ना मग!" मी ओरडले. "कळलं होतं तर जायचंस! एक हाक मारली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? माझा भाऊ तिथे बसला होता, वैनी, आणि तू गॅस बारीक केलास!"

शेजारच्या घराची खिडकी उघडली. मला थांबता येईना. ओरडता ओरडता मला कळलं, की हे मी तिच्या समाधानासाठी बोलत नव्हते. ते पहिल्या दिवसापासून माझ्या पोटात होतं.

"हां," वैनी म्हणाली. "हां." आणि गाडीच्या पायरीवर बसून ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि तिला बोलतच राहिले.